दारणाकांठची पाणवेल व नदींतील शिंपले

देवळाली कॅम्पच्या एका अंगास दारणा व दुसऱ्या अंगास वालदेवी वाहते आणि पुढें चेहेडीजवळ वालदेवी दारणेस मिळते, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. या दोन नद्यांच्या पाण्यावर ज्यांचे मळे उभे आहेत त्यांस अलीकडे एका हिरव्या शत्रूची चांगलीच ओळख झालेली आहे. ग्रंथांतून त्यास जलपर्णी म्हणतात. आपल्या नाशकाकडे पाणवेल हेंच नांव रूढ आहे. पंपाच्या फुटव्हॉल्व्हशीं ती गुंतते, पाटाच्या तोंडाशीं तुंबते, डांसांस आसरा देते, आणि एकदां डोहावर पसरली म्हणजे खालीं पाणी आहे कीं नाहीं हेंहि कळेनासें होतें.

पाणवेलीविषयीं आपण जी तक्रार करितों ती बहुधा पंपाची व डांसांची असते. परंतु तिच्याखालीं, नदीच्या तळच्या वाळूंत, दुसरा एक जीव मुकाट्यानें मरत असतो, त्याची तक्रार करणारा कोणी नाहीं. तो जीव म्हणजे शिंपला. शिंपला वांचल्यानें शेतकऱ्याचें हित काय, पाणवेल त्याचा घात कसा करिते, आणि गांवकऱ्यांनीं आपखुषीनें अंगमेहनत करून ती काढावयाची तर कोणत्या रीतीनें काढावी, या तीन गोष्टी यथामति सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. यांतील तिसरी गोष्ट आम्ही स्वतः चूक करून शिकलों आहों, म्हणून ती विशेष विस्तारानें सांगूं.

शिंपल्याचें काम

शिंपला हा दोन कवचांचा प्राणी वाळूंत अर्धा रुतून बसतो. त्याच्या मागील टोकास दोन छिद्रें असतात. एकांतून पाणी आंत ओढलें जातें व दुसऱ्यांतून बाहेर सोडलें जातें. मधल्या वाटेंत पाण्यांतील सूक्ष्म शेवाळ, जंतु व कुजक्या पदार्थांचे कण त्याच्या कल्ल्यांवर अडकतात आणि तेंच त्याचें अन्न होय. एक मोठा शिंपला अशा रीतीनें दिवसाकाठीं कित्येक लिटर पाणी गाळतो. ज्या डोहांत शिंपल्यांची वस्ती दाट, त्या डोहास निसर्गानें फुकटचें गाळणें बसवून दिलें आहे असें समजावें. ज्याच्या ठिबकाच्या नळ्या शेवाळानें व गाळानें वारंवार चोंदतात, त्यास या गाळण्याची किंमत निराळी सांगण्याची गरज नाहीं.

शिंपल्याच्या जन्माची रीत मोठी विलक्षण आहे. मादी आपलीं अंडीं आपल्याच कल्ल्यांत वाढविते. त्यांतून निघालेलीं सूक्ष्म पिलें पाण्यांत सुटतात व जवळून जाणाऱ्या माशाच्या कल्ल्यास अगर परास चिकटतात. तेथें कांहीं काळ त्या माशावर निर्वाह करून, रूप पालटून, मग तीं तळाशीं गळून पडतात व वाळूंत आपला संसार थाटतात. यावरून उघड होतें कीं, ज्या नदींत मासे नाहींत त्या नदींत शिंपल्यांची पुढली पिढी नाहीं. मोठे शिंपले कित्येक वर्षें जगतात. म्हणून चार मोठे शिंपले हातीं लागले एवढ्यावरून वस्ती सुखरूप आहे असें मानूं नये. बोटाच्या पेराएवढे लहान शिंपले वाळूंत सांपडतात कीं नाहीं, ही खरी परीक्षा होय. ज्या गांवांत केवळ म्हातारीं माणसें उरलीं, त्या गांवाचें भवितव्य जसें आपण ओळखतों तसेंच हें आहे.

माशांच्या बाबतींत आपली देवळाली शास्त्रज्ञांस फार दिवसांपासून ठाऊक आहे. १९३८ सालीं सुंदरलाल होरा व मिश्र या विद्वानांनीं देवळालीच्या माशांवरील आपल्या लेखमालेंत एका लहानशा नव्या माशाचें वर्णन ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या पत्रिकेंत प्रसिद्ध केलें. पॅरासायलोऱ्हिंकस प्रॅटेराय असें त्याचें शास्त्रीय नांव असून इंग्रजींत त्यास देवळाली मिनो असेंच म्हणतात. आज हा मासा जगांतील अतिसंकटग्रस्त जातींत गणला जातो. ज्या जीवानें आपल्या गांवाचें नांव धारण केलें तो आपल्याच डोळ्यांदेखत नाहींसा व्हावा, ही गोष्ट आपणांस भूषणावह नाहीं.

पाणवेल घात कसा करिते

पाणवेल मूळची दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांतील. तिच्या निळसर जांभळ्या तुऱ्यास भुलून लोकांनीं ती शोभेसाठीं देशोदेशीं नेली. आपल्या देशांत ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालकडे आली व तेथून सर्वत्र पसरली. जन्मभूमींत तिला खाणारे किडे आहेत. येथें ते नव्हते, म्हणून तिला मोकळें रान सांपडलें.

तिची वाढ किती झपाट्यानें होते याचा हिशेब करून पाहूं. ऊब व खत भरपूर असेल तर ती सुमारें पंधरवड्यांत दुप्पट होते. आज एक गुंठा वेल डोहांत आहे असें धरा. पंधरा दिवसांनीं २ गुंठे, महिन्यानें ४ गुंठे, याप्रमाणें दहा पंधरवड्यांनीं, म्हणजे पांच महिन्यांनीं, १०२४ गुंठे, अर्थात् २५ एकर २४ गुंठे होईल. आरंभींचा एक गुंठा दोन माणसें सकाळच्या प्रहरीं काढूं शकतात; शेवटचे पंचवीस एकर काढावयास सारा तालुका पुरणार नाहीं. शिवाय तिचें बीं गाळांत पंधरा-वीस वर्षें जिवंत राहूं शकतें, हें वेगळेंच.

अशी ही वेल पाण्यावर दाट बसली म्हणजे तीन अनर्थ होतात. पहिला, ऊन खालीं पोहोंचत नाहीं. त्यामुळें पाण्यांतील ज्या सूक्ष्म शेवाळानें दिवसा प्राणवायु निर्माण करावयाचा व शिंपल्यास अन्न व्हावयाचें, तेंच खुंटतें. दुसरा, पाण्याचा पृष्ठभाग हवेस उघडा राहत नाहीं, म्हणून हवेंतील प्राणवायु पाण्यांत मिसळण्याची क्रिया मंदावते. तिसरा, वेलीचीं जुनीं पानें व मुळें गळून तळाशीं कुजतात, आणि कुजण्याच्या क्रियेंत उरलासुरला प्राणवायु खर्च होतो. मासे आधीं पळून जातात. शिंपला पळूं शकत नाहीं. तो कवच मिटून वाट पाहतो आणि अखेर गुदमरतो. मासे गेल्यामुळें त्याचीं पिलें वाहून नेणाराहि कोणी उरत नाहीं.

यांत भर म्हणजे उघड्या पाण्यापेक्षां पाणवेलीच्या पानांवाटे अधिक पाणी हवेंत उडून जातें. उन्हाळ्यांत जो शेतकरी पाण्याच्या इंचाइंचाचा हिशेब ठेवितो, त्यानें या चोरीकडे दुर्लक्ष करणें शहाणपणाचें नाहीं.

समुद्रकांठचे दाखले

आगंतुक जीव शिंपल्यांच्या वस्तीवर चालून येतो ही गोष्ट केवळ आपल्या नदीपुरती नाहीं. मध्य अमेरिकेकडील एक लहान शिंपली जहाजांबरोबर आपल्या देशांत आली. ती विशाखापट्टणच्या बंदरांत १९६७ च्या सुमारास आढळली व पुढें मुंबई बंदरांतहि दिसूं लागली. केरळांत कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडींत गेल्या कांहीं वर्षांत दक्षिण अमेरिकेकडील चारू नांवाच्या शिंपलीनें इतका जोर केला कीं, तिनें देशी कालवांची व शिंपल्यांची जागा बळकावली. तेथील मच्छीमार तिला उपरी शिंपली अशा अर्थाच्या नांवानें ओळखतात.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर विलापा नांवाची एक खाडी कालवांच्या उत्पन्नासाठीं प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व किनाऱ्यावरून तेथें कालवें आणलीं, त्यांच्याबरोबर एक खाऱ्या पाण्याचें गवतहि आलें. तें कित्येक दशकें दुर्लक्षित राहिलें, मग हजारों एकर चिखलाच्या मैदानांवर पसरलें, आणि तें काढावयास सरकारास व कालवांच्या धंदेवाल्यांस अनेक वर्षें खपावें लागलें. त्याच वॉशिंग्टन प्रांतांत आतां लोक शहाणे झाले आहेत. युरोपांतील एक हिरवा खेंकडा शिंपल्यांची नासधूस करितो हें ठाऊक असल्यामुळें तेथें २०१५ पासून साधे नागरिक स्वयंसेवक होऊन हंगामांत दर महिन्यास ठराविक जागीं पिंजरे लावितात व कोणते जीव सांपडले त्याची नोंद ठेवितात. त्यामुळें २०१६ सालीं हा खेंकडा त्यांच्या आंतल्या समुद्रांत प्रथम आला तेव्हां तो लगेच ध्यानांत आला.

ऑस्ट्रेलियांतील डार्विन बंदराचा दाखला याहून बोधप्रद आहे. विशाखापट्टणास आली तीच शिंपली १९९९ सालीं तेथील तीन बंदिस्त गोद्यांत आढळली. अधिकाऱ्यांनीं त्या गोद्या तत्काळ बंद करून क्लोरीन व मोरचूद यांच्या योगें तिचा समूळ नायनाट केला. गोदी बंदिस्त होती व रोग नवा होता, म्हणून हें साधलें. आपल्या वाहत्या नदींत विष घालणें हा उपाय नव्हे. परंतु शत्रु थोडका असतांनाच गांठावा, हा धडा मात्र घेण्यासारखा आहे.

बंगालचा धडा

पाणवेलीविरुद्ध लोकांनीं एकजुटीनें उभें राहण्याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच देशांतील आहे. बंगालमध्यें या वेलीनें भाताचीं शेतें, नाले व नावांचे मार्ग असे कोंडले कीं, १९२१ सालीं सर जगदीशचंद्र बसू यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारास चौकशी समिति नेमावी लागली. पुढें १९३६ सालीं पाणवेलीचा खास कायदा झाला. आपल्या वहिवाटींतील जागेंत ती वाढूं न देणें व ती काढण्याच्या कामांत हातभार लावणें हें रहिवाशाचें कर्तव्य ठरलें. १९३७ च्या निवडणुकींत तर निरनिराळ्या पक्षांनीं वेलीपासून मुक्तता करण्याचें वचन दिलें, आणि फजलुल हक यांच्या मंत्रिमंडळानें तें काम जोरानें हातीं घेतलें. जिल्ह्यांतील अधिकाऱ्यांनीं स्वयंसेवकांच्या टोळ्या उभ्या केल्या व गांवोगांव लोक पाण्यांत उतरले.

त्या मोहिमेस जें यश आलें त्याचें एक कारण लक्षांत ठेवण्यासारखें आहे. काढलेल्या वेलीचें खत होतें हें शेतकऱ्यास कळलें, तेव्हां तो दुसऱ्याच्या सांगण्यावांचून ती काढूं लागला. केवळ हुकुमानें अगर केवळ उत्साहानें काम एक हंगाम चालतें. त्यांत स्वतःचें हित दिसलें म्हणजे तें टिकतें.

आमची चूक

आतां आमचा अनुभव सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं व आमच्या कांहीं स्नेही शेतकऱ्यांनीं वालदेवीच्या एका डोहांतील पाणवेल काढण्याचें ठरविलें. मे महिन्यांतील एका रविवारीं चांगलीं तीस-चाळीस माणसें जमलीं. लोखंडी दाताळीं, दोर व ट्रॅक्टर आणले. दुपारपर्यंत डोह मोकळा झाला. लोकांनीं टाळ्या पिटल्या, चहा झाला व आम्ही कृतकृत्य होऊन घरीं आलों.

दोन दिवसांनीं त्या कांठावर एक वृद्ध भोई गृहस्थ भेटले. ढिगाकडे बोट दाखवून ते म्हणाले, “भाऊसाहेब, येल काढली ते ब्येस झालं, पन डोहाचा संसार बी तुमी काठावर आनून टाकला.” आम्हीं वांकून पाहिलें. ट्रॅक्टरनें दाताळीं तळापर्यंत ओढल्यामुळें वाळूंतील शिंपले उपटून आले होते व उन्हांत तोंडें वासून मेले होते. मुळांच्या झुपक्यांत गोगलगायी, झिंगे व माशांचीं पिलें वाळून कोळ झालीं होतीं. ज्यांस वांचवावयाचें त्यांसच आम्हीं मारलें होतें.

पुढें आषाढांत पूर आला. कांठावरचा ढीग पुरानें उचलून नेला. त्यांतील जिवंत राहिलेले कोंब खालच्या बंधाऱ्यांत अडकले, आणि दिवाळीपर्यंत आमचा डोह व खालचा बंधारा दोन्हीं पुन्हां हिरवीं झालीं. खालच्या गांवच्या लोकांनीं आम्हांस दोष दिला तो वाजवीच होता. एका दिवसाच्या गाजावाजानें जें झालें तें असें झालें.

काढण्याची रीत

त्यानंतर जाणत्यांस विचारून व हळूहळू करून पाहून जी रीत आम्हांस हितावह वाटली ती पुढें देतों.

काम मार्गशीर्षाच्या सुमारास आरंभावें. पूर ओसरलेला असतो, थंडीमुळें वेलीची वाढ मंद असते आणि फुलांचा मोठा बहर यावयाचा असतो. एक दिवस मोठा मेळावा भरविण्यापेक्षां दहा माणसांनीं दर पंधरवड्यास एक सकाळ द्यावी. वर सांगितलेला दुपटीचा हिशेब ज्यानें समजून घेतला त्यास याचें कारण निराळें सांगावयास नको.

आरंभ नेहमीं वरच्या अंगास करावा व खालीं यावें. खालून काढीत वर गेल्यास वरची वेल वाहत येऊन केलेलें काम वायां जातें. कामाच्या जागेच्या खालच्या बाजूस एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत दोर ताणून त्यास बांबू बांधावे, म्हणजे सुटलेले तुकडे तेथें अडकतील. एवढासा तुकडाहि नवी वसाहत करितो, हें विसरूं नये.

वेल पृष्ठभागावरूनच ओढावी. लांकडी दांड्याचीं हलकीं दाताळीं वापरावीं. तळ खरवडूं नये व यंत्रानें ओढूं नये. कांठाशीं आणलेला प्रत्येक झुपका बाहेर टाकण्यापूर्वीं पाण्यांत दोन-तीनदां झटकावा. त्यांतून पडणारे झिंगे, पिलें व गोगलगायी पाण्यांतच राहतात. एखादा शिंपला वर आलाच तर तो जेथून आला तेथेंच, वाळूवर अलगद ठेवावा. कांठावर एक घमेलें पाणी भरून ठेवावें व लहान मुलांस त्या राखणीवर नेमावें. हें काम मुलें मोठ्या हौसेनें करितात. सारा डोह एके दिवशीं उघडा करूं नये, पट्ट्यापट्ट्यानें काढावा.

काढलेली वेल त्याच दिवशीं पूररेषेच्या वर न्यावी. ज्याच्याजवळ वाहतुकीची सोय नाहीं त्यानें त्या दिवशीं काढूंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तणनाशक फवारण्याचा मोह कित्येकांस होतो. फवारलेली वेल जागीं मरून तळाशीं बसते व तेथें कुजून पाण्यांतील प्राणवायु खाते. म्हणजे शिंपल्याचें मरण टळत नाहीं, लवकर येतें. शिवाय टू-फोर-डी या औषधाचा वाऱ्यावर उडालेला अंशहि द्राक्षवेलीस सोसत नाहीं. ज्या नदीच्या दोन्ही कांठीं द्राक्षबागा आहेत, तेथें हा खेळ करूं नये.

जिवाची काळजी सर्वांत आधीं घ्यावी. दारणा धरण १९१६ सालापासून आपल्या डोक्यावर उभें आहे, व त्यांतून आवर्तन सुटलें म्हणजे कोरडी दिसणारी नदी पाहतां पाहतां भरते. आवर्तनाची तारीख पाटबंधाऱ्याच्या चौकींत विचारल्यावांचून पात्रांत उतरूं नये. पोहतां न येणाऱ्यानें गुडघ्याच्या वर पाण्यांत जाऊं नये. वेलीखालीं फुटक्या बाटल्या असतात व सापहि असतो. म्हणून पायांत बूट असावेत. जेथें सांडपाणी मिसळतें तेथें अंगावर जखम असलेल्यानें उतरूं नये.

आमची हयात महसूल खात्याच्या दप्तरांत गेली, म्हणून आणखी एक सूचना करितों. नदीचें पात्र कोणाच्याहि सातबाऱ्यावर नाहीं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २० व्या कलमाप्रमाणें नद्या, नाले व त्यांचीं पात्रें ही शासनाची मालमत्ता होय. तेव्हां काम पुण्याचें असलें तरी ग्रामपंचायतीस व पाटबंधारे अधिकाऱ्यांस लेखी कळवून त्याची पोंच घ्यावी. छावणीच्या हद्दींत तेथील अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी व लष्कराच्या जागेंत पाऊल टाकूं नये. एक साधी वहीहि ठेवावी. तारीख, जागा, हजर माणसें, काढलेल्या वेलीच्या ट्रॉल्या, आणि दिसलेले मोठे व लहान शिंपले असे पांच रकाने पुरेत. दोन वर्षांनीं ती वही उघडली म्हणजे आपण जिंकतों आहों कीं नुसते दमतों आहों, हें आंकडेच सांगतील.

वेलीचें खत

ताज्या पाणवेलींत शंभरांत सुमारें पंचाण्णव भाग पाणीच असतें. अर्थात् वीस क्विंटल वेल वाहून आणली तर तींत सुकें द्रव्य एक क्विंटलच निघेल. म्हणून शक्य तेथें पूररेषेच्या वर चार-सहा दिवस पसरून कोमेजूं द्यावी व मग शेतांत न्यावी. वाहतुकीचा खर्च पुष्कळ वांचतो.

खत करण्यास इंदूरची रीत उत्तम. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूरच्या संस्थेंत ती बसविली व यशवंत वाड यांच्या सहकार्यानें १९३१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. कोमेजलेल्या वेलीचा वीतभर थर, त्यावर शेणाचा काला, थोडी माती व राख, असे थर एकावर एक रचावे. वेल फार ओली असल्यास मध्यें उसाचें पाचट अगर गव्हाचें काड घालावें, नाहीं तर ढीग सडून दुर्गंधि सुटते. पंधरा दिवसांनीं, महिन्यानें व दोन महिन्यांनीं असा तीनदां ढीग उलथावा. बाहेरचा भाग आंत व आंतला बाहेर करावा, म्हणजे आंतल्या उष्णतेनें बीं मरतें. सुमारें तीन महिन्यांत खत तयार होतें.

एक सावधगिरी अवश्य ठेवावी. पाणवेल पाण्यांतील जड धातु मुळांवाटे शोषून घेते. कारखान्याचें सांडपाणी जेथें मिसळतें तेथील वेलीचें खत भाजीपाल्यास किंवा कोणत्याहि खाण्याच्या पिकास घालूं नये. जनावरांस वैरण म्हणूनहि आम्ही तिची शिफारस करीत नाहीं.

मूळ दुखणें

इतकें करूनहि एक गोष्ट मनांत स्पष्ट असावी. पाणवेल हें लक्षण आहे. दुखणें पाण्यांतील फाजील खताचें आहे. गांवचें सांडपाणी व आपल्या शेतांतून वाहून जाणारें नत्र व स्फुरद यांवर ती पोसते. गांवानें सांडपाणी शुद्ध केल्यावांचून व आपण खत मोजून घातल्यावांचून वेल कायमची जाणार नाहीं. तिच्या जन्मभूमींतील भुंगे १९८३ च्या सुमारास बंगळुराकडे सोडले गेले व कित्येक तळ्यांत त्यांनीं चांगलें काम केलें. परंतु हें काम शास्त्रज्ञांच्या देखरेखीखालीं व्हावयाचें आहे. आपण माणसांनीं आपल्या हातचें करावें.

आपल्या हातचें दुसरें एक काम म्हणजे नवा शत्रु नदींत न सोडणें. आपल्यापैकीं पुष्कळांचीं शेततळीं आहेत व त्यांत मासे पाळले जातात. तिलापिया हा मासा आफ्रिकेंतून १९५२ सालीं आपल्या देशांत आणला गेला व आज तो अनेक नद्यांत मोकाट झाला आहे. आफ्रिकी मागूर पाळण्यास केंद्र सरकारनें २००० सालीं बंदी केली, तरी तो चोरून विकला जातो. शेततळें रिकामें करितांना असे मासे ओढ्यांत सोडूं नयेत. देशी मासा गेला कीं त्याच्या कल्ल्यांवर वाढणारा शिंपलाहि गेला, हें आपण वर पाहिलेंच.

दारणा दारणासांगवीजवळ गोदावरीस मिळते व तें पाणी पुढें नांदूरमध्यमेश्वरास जातें. तेथील पक्ष्यांच्या पाणथळ प्रदेशास जानेवारी २०२० मध्यें रामसर यादींत स्थान मिळाल्याचें जाहीर झालें. हा मान मिळविणारें तें महाराष्ट्रांतील पहिलें स्थळ होय. त्याच्या संकटांमध्यें पाणवेलीची गणना आहे. आपण देवळालीस सोडलेला प्रत्येक तुकडा त्याच वाटेनें जातो. म्हणजे आपल्या हातीं केवळ आपल्या डोहाचें नव्हे, तर खालच्या निफाड तालुक्याचेंहि हित आहे.

आपल्या मंडळाच्या सभासदांस आमची एवढीच विनंति आहे कीं, येत्या मार्गशीर्षांत प्रत्येक गांवानें एक डोह निवडावा, दहा माणसांचीं नांवें वहींत लिहावीं आणि पहिल्या दिवशीं वेलीस हात लावण्यापूर्वीं कांठाच्या उथळ वाळूंत हात घालून लहान शिंपला सांपडतो कां तें पाहावें. सांपडला तर त्याला जपावें. न सांपडला तर डोह मोकळा ठेवून, वही राखून, पुढच्या वर्षीं त्याच जागीं पुन्हां पाहावें. वालदेवीच्या त्या डोहावर आम्ही अजून पंधरवड्यास जातों. गेल्या फाल्गुनांत तेथें अंगठ्याच्या नखाएवढे तीन शिंपले मिळाले. ते आम्हीं त्या भोई गृहस्थांस दाखविले आणि त्यांच्याच हातानें पुन्हां वाळूंत ठेवविले.